आधी माणसं मोज

प्रिय मुली,

हॉस्पिटलच्या आर्थिक मदत कक्षात रुजू होते आहेस, बरं वाटलं. समोर पोटुशी बाई बसेल आणि विचारेल, बाळंतपणाला किती लागतील? आकडा लगेच सांगू नकोस. घाबरून बायका तपासण्याच टाळतात. आधी विचार, घरात माणसं किती, मिळकत किती.

अमेरिकेत दहांतल्या साधारण चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी मिळकतीच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, उचलतं. गरोदर बाईसाठी मिळकतीची मर्यादा कुठल्याच राज्यात दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांखाली नाही. बहुतेक ठिकाणी बरीच वर आहे. आणि पोटातलं बाळही कुटुंबात धरतात, इथे डोळ्यांत तेल घालून बघ. समज, नवराबायकोची वर्षाची मिळकत ३२,००० डॉलर. दोघंच धरली तर १३८ टक्क्यांची मर्यादा २०२५च्या रेषेने २९,१८७, म्हणजे अर्ज बाद. तिघं धरली तर ३६,७७७, म्हणजे मंजूर. जुळी असतील तर चौघं. नकाराचं पत्र घेऊन कुणी आलं, की आधी माणसं मोज.

एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून आलेल्या आपल्या मुली 'ते आमच्यासाठी नसतं' म्हणून अर्जच करत नाहीत. (लाजही आडवी येते, कबूल करत नाहीत एवढंच.) ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबण्याची अट असते, ती बऱ्याच राज्यांनी गरोदर बायकांसाठी काढून टाकली आहे, आणि तिथे कायदेशीर व्हिसावरच्या गरोदर बायकांनाही मेडिकेड मिळू शकतं. तुझ्या राज्याचा नियम पाठ कर. कागदपत्रं नसलेल्या बाईलाही प्रत्यक्ष बाळंतपणापुरतं इमर्जन्सी मेडिकेड मिळू शकतं. कळा सुरू झालेल्या बाईला इमर्जन्सी विभागातून परत पाठवू नये असा कायदा १९८६ पासून आहे, पण त्याने बिल माफ होत नाही.

मेडिकेडमध्ये न बसणाऱ्यांचे हाल जास्त. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, आणि घरी गेल्यावर आलेल्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. तोवर क्रेडिट कार्ड काढू नका, असं बजाव. एकदा कार्डावर गेलं की ते देणं बँकेचं होतं, मग आपले हात बांधलेले. बिलही ओळीओळीचं मागायला लाव.

आई मेडिकेडवर असेल तर बाळाला वर्षभर आपोआप मिळतं, फक्त जन्म कळवायचा. नोकरीचा विमा असेल तर त्यात बाळाचं नाव घालायला सहसा तीसच दिवस असतात. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघत बसतात लोक. तो नंतर देता येतो, फॉर्म आधी भरायला सांग.

तुझी,
ताई