पाच महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की सारखं दचकतं, पोटदुखी असेल का?

तुम्ही लिहिलंय की बाळ जागं झालं की मान खाली टाकतं, हात फेकतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, असं दहा-बारा वेळा होतं आणि मग रडतं. घरचे ग्राइप वॉटर द्या म्हणतात. ताई, वाट पाहू नका. पोटदुखी अशी ओळीने, ठरावीक अंतराने येत नाही. हे इन्फन्टाइल स्पाझम, म्हणजे वेस्ट सिंड्रोम असू शकतं, बाळांना येणाऱ्या आकडीचा (मिरगीच्या झटक्यांचा) एक प्रकार.

माझ्या मुलीला हेच होतं. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासूबाईंनी दृष्ट काढली, जवळच्या डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. निदान झालं ते मोबाइलवरच्या व्हिडिओमुळे, कारण दवाखान्यात बाळ अगदी शांत असतं. तुम्हीही पुढच्या वेळी पूर्ण मालिका चित्रित करा, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू द्या.

हा आजार बहुधा 3 ते 12 महिन्यांत सुरू होतो. डॉ. वेस्ट यांनी 1841 मध्ये स्वतःच्याच मुलाची लक्षणं लिहून ठेवली होती, तेव्हा उपाय नव्हता. आता आहे: एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किंवा विगाबाट्रिन हे आकडीचं औषध. उशीर झाला तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून मी इतकी घाई करते आहे. बाळ हसायचं, नजर द्यायचं कमी झालंय का, तेही डॉक्टरांना सांगा. जन्मानंतर साखर कमी झाली होती का, उशिरा रडलं होतं का, अंगावर पांढरे डाग आहेत का, हेही.

नात्यातल्या कुणाच्या मिरगीचं औषध मात्र देऊ नका. लहान बाळांच्या आकड्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. ड्रावेट सिंड्रोम नावाच्या दुसऱ्या प्रकारात तापात लांबलचक आकडी येते, आणि तिथे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या मिरगीच्याच औषधांनी त्रास वाढू शकतो. स्टिरॉइड सुरू झालं तर तेही स्वतःहून बंद करायचं नाही, हळूहळूच कमी करतात.

तुम्ही इंदूरच्याच असाल तर व्हिडिओ घेऊन आजच एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या चाचा नेहरू बाल चिकित्सालयात जा, किंवा बालरोग न्यूरॉलॉजिस्ट (लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ) गाठा. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी) झोपेतला आणि जागं होतानाचा, दोन्ही हवा. त्यामुळे जाताना बाळाला रिक्षात झोपू देऊ नका, दूध तिथे पोहोचल्यावरच पाजा.