पालघाट खिंडीपाशी थांबणारा शोलाकिळी

प्रश्न : मुन्नारच्या डोंगरात आम्ही पांढऱ्या पोटाचा शोलाकिळी पाहिला. हा पक्षी पालघाट खिंडीच्या, म्हणजे केरळ-तामिळनाडू सीमेवर पश्चिम घाटाची रांग जिथे तुटते त्या जागेच्या, उत्तरेस आढळत नाही, असे वाटाड्याने सांगितले. जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर रुंदीची खिंड पंख असलेल्या पाखराला ओलांडता का येऊ नये?

उत्तर : वाटाड्याने सांगितले ते खरे आहे. खिंडीच्या उत्तरेस नीलगिरी शोलाकिळी राहतो. त्याचे शास्त्रीय वर्णन जर्डन या निसर्गअभ्यासकाने १८४४ मध्ये केले, तर आपण पाहिलेल्या पक्ष्याचे ब्लॅनफर्ड या दुसऱ्या अभ्यासकाने १८६७ च्या सुमारास. हे दोघे पुढे बराच काळ एकाच जातीचे मानले जात होते आणि त्यांना ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

आता खिंडीविषयी. काश्मिरी माशीमार हा याहून लहानखुरा पक्षी दर हिवाळ्यात काश्मीरहून नीलगिरीपर्यंत आणि पुढे श्रीलंकेपर्यंत जातो, तेव्हा आपली शंका रास्तच आहे. मात्र शोलाकिळीची अडचण अंतराची नसून वाटेतल्या मुलखाची आहे. साधारण १४०० मीटरहून उंच डोंगरांतल्या घळींमध्ये जी बुटकी, दमट, सदाहरित वने असतात, त्यांना शोला म्हणतात, आणि तिथल्या झुडपांखालच्या अंधारात पालापाचोळ्यातले किडे टिपण्यात या पक्ष्याचे आयुष्य जाते. खिंडीचा तळ ३०० मीटरच्या आतबाहेर, उष्ण आणि कोरडा. तिथे त्याला ना आडोसा, ना ओळखीचे अन्न. पंख आहेत, पण लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी घडलेले नव्हेत. अशी ताटातूट लाखो वर्षे टिकल्यामुळेच दोन्ही बाजूंचे पक्षी जनुकांनी, रंगांनी आणि गाण्यानेही वेगळे झाले.

गाण्याचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटल या बाहेरून आणलेल्या झाडांची लागवड यांमुळे गेल्या दीडएकशे वर्षांत शोलांचे तुकडे पडले; अशा तुकड्यांत अडकलेल्या पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळींच्या शिळेतही अभ्यासकांना फरक आढळला आहे. पिल्ले आसपासच्या नरांचे ऐकूनच गाणे शिकतात, त्यामुळे ये-जा थांबली की प्रत्येक तुकड्याची धून हळूहळू निराळी होत जाते, आणि ही दुसरी ताटातूट घडवायला कोणतीही खिंड लागलेली नाही.

पुढच्या खेपेस दक्षिणेकडे जाणार असाल, तर पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या, शेंगोट्टा खिंडीपलीकडच्या अशांबू डोंगरांतला शोलाकिळी अवश्य पाहावा. तो याच जातीचा, पण वेगळी उपजाती मानला जातो.