रुग्णालयातल्या जैववैद्यकीय कचऱ्याचा खर्च सुरक्षिततेला धक्का न लावता कसा कमी करता येईल?

तुम्ही लिहिलंय की रुग्णसंख्या तेवढीच असूनही जैववैद्यकीय कचऱ्याचं बिल वाढत चाललंय आणि ते कमी करायचं काम तुमच्याकडे आलंय. मी संसर्ग नियंत्रणात काम करते, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण सुरुवात कचऱ्यापासून नको, करारापासून करा.

कचरा नेणारी संस्था पैसे कशाचे घेते? किलोमागे, डब्यामागे, फेरीमागे की खाटेमागे? खाटेमागे दर ठरलेला असेल, तर वजन निम्म्यावर आणलंत तरी बिल जसंच्या तसं येईल. अशा वेळी आधी वॉर्डनिहाय वजनाच्या नोंदी ठेवा आणि त्या समोर ठेवून दर नव्याने ठरवून घ्या. फेरीमागे पैसे जात असतील, तर गाडी अर्धी रिकामी जाते का ते बघा. मात्र कचरा किती तास साठवून ठेवता येतो याला कायद्याची मर्यादा असते, ती ओलांडून फेऱ्या कमी करू नका.

आता मूळ मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्यासारखाच साधा असतो. धोकादायक असतो तो साधारण १५ टक्के. तुमच्याकडे संसर्गजन्य पिशव्यांचं वजन एकूण कचऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर किंवा निम्म्यावर जात असेल, तर बहुधा खोकी, वेष्टनं, हात पुसायचे कागद आणि चहाचे कप तुम्ही महागड्या दराने निर्जंतुक करून घेताय. आणि एकदा चुकीच्या पिशवीत पडलेली वस्तू परत काढायची नसते. मिसळलेली पिशवी पूर्णच संसर्गजन्य धरायची. कुणालाही त्यात हात घालून निवडायला लावू नका. म्हणजे जे काही वाचवायचं ते वस्तू हातातून सुटते त्या क्षणीच.

तो क्षण बहुतेक वेळा डबा कुठे ठेवलाय यावर ठरतो. घाईत असलेली नर्स सर्वांत जवळचा डबा वापरते, आणि यात तिचा काही दोष नाही. बेसिनजवळ फक्त संसर्गजन्य कचऱ्याचा डबा असेल तर तो कागदांनीच भरणार. म्हणून बेसिनजवळ, दारापाशी, नातेवाइकांच्या खुर्चीजवळ साधा डबा ठेवा. संसर्गजन्य कचऱ्याचा डबा छोटा, झाकणाचा, पायाने उघडणारा असावा आणि ड्रेसिंग किंवा तपासणी होते तिथेच असावा. आणि तो जिथे असेल तिथे शेजारी साधा डबा हवाच. डब्यावर लांबलचक सूचना लावण्यापेक्षा तुमच्याच वॉर्डातल्या वस्तूंचे फोटो चिकटवा. ते रात्रपाळीतल्या मावशींनाही एका नजरेत कळतात.

कशाला संसर्गजन्य म्हणायचं ते कर्मचाऱ्यांना नेमकं सांगा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत १९९१ पासून एक उपयोगी कसोटी आहे : वस्तू दाबली तर रक्त गळेल का, किंवा वाळलेला थर हाताळताना सुटून पडेल का? त्यात वापरलेल्या सुया, ब्लेड, शरीरातून काढलेले भाग आणि प्रयोगशाळेत वाढवलेले जंतूंचे नमुने (कल्चर्स) हेही येतात. पण ही कसोटी डोळे मिटून उचलू नका. काही देशांत रक्ताचा साधा डाग असलेला बोळाही संसर्गजन्यच धरतात. आपला नियम वाचा, त्यानुसार एका पानाची यादी करा आणि ती सगळ्या पाळ्यांत समजावून सांगा. सफाई कर्मचाऱ्यांना त्यातून वगळण्याची चूक फार ठिकाणी होते.

सर्वांत जास्त वाव ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. रुग्ण आत येण्याआधी उघडलेलं प्रत्येक वेष्टन स्वच्छच असतं. उपकरणांच्या संचावरचं निळं आवरण, खोकी, प्लास्टिकची पाकिटं, हे सगळं तेव्हाच साध्या पिशवीत भरून, तोंड बांधून बाहेर काढलं की पुढे ते रक्ताच्या संपर्कात येण्याचा प्रश्नच उरत नाही. शक्य असेल तिथे आवरणाऐवजी पुन्हा वापरता येणारे धातूचे डबे घ्या. तयार सर्जिकल पॅक उघडून बघा आणि सर्जनना विचारा, यातलं काय तुम्ही कधीच वापरत नाही? न वापरता टाकलेल्या वस्तूवर आपण दोनदा खर्च करतो, खरेदीला आणि विल्हेवाटीला.

द्रवांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सक्शनच्या, म्हणजे रुग्णाच्या शरीरातलं रक्त आणि द्रव ओढून घेणाऱ्या यंत्राच्या बाटलीतला एक लिटर द्रव म्हणजे साधारण एक किलो वजन, आणि तो घट्ट करायची पावडर घातली की आणखी भर. कायदा परवानगी देत असेल तर बंद यंत्रणेतून तो सांडपाण्याच्या वाहिनीत सोडता येतो. उघड्या बाटल्या बेसिनमध्ये ओतणं मात्र नको, शिंतोडे उडतात.

सुयांच्या डब्यात फक्त सुया, ब्लेड आणि तत्सम टोकदार वस्तू. गॉज, ग्लोव्हज, सिरिंजची वेष्टनं त्यात जाताना दिसली की थांबवा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा असतो. सुया कमी लागतात तिथे मोठा डबा महिनोन्‌महिने उघडा ठेवण्यापेक्षा छोटा द्या. धुऊन परत येणारे डबे मिळत असतील तर प्लास्टिकचं वजनही घटतं.

ग्लोव्हज हा माझा आग्रहाचा विषय. रक्तदाब किंवा ताप बघताना, त्वचेखाली किंवा स्नायूत इंजेक्शन देताना सरसकट ग्लोव्हज लागत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. हात स्वच्छ करणं मात्र दर वेळी लागतंच. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने २०१८ मध्ये अनावश्यक ग्लोव्हजविरुद्ध मोहीम सुरू केली आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचवलं. उरलेली औषधं, केमोथेरपीचा कचरा, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांचा मार्ग वेगळाच ठेवा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ते जाता कामा नयेत. पीव्हीसी हे प्लास्टिक जाळलं तर डायऑक्सिन हा विषारी पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून तेही भट्टीत टाकायचं नाही.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगते : खर्च कमी दाखवण्यासाठी संसर्गजन्य वस्तू साध्या पिशवीत ढकलण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ती पिशवी पुढे कुणीतरी खांद्यावर घेतं. त्या त्या विषाणूची लागण झालेल्या रुग्णाचं रक्त लागलेली सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो; हिपॅटायटिस सीचा सुमारे १.८ टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. कचरा उचलणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस दिलीय का, हे या कामाच्या पहिल्याच आठवड्यात तपासा.

वॉर्डनिहाय वजन दर महिन्याला फळ्यावर लावा आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग त्याच वॉर्डाला द्या. कुठल्या वॉर्डाचा आकडा अचानक खूप खाली आला, तर कौतुकाआधी त्यांच्या साध्या डब्यांत डोकावून बघा आणि सुई टोचल्याच्या नोंदवहीशी ताडून पाहा.