किचन रिनोव्हेशन करतोय, ड्रॉवर आणि ट्रॉल्या किती इंचांच्या ठेवाव्यात?

तुम्ही प्रश्नात ओटा एल आकाराचा आहे हे लिहिलंत, खोली 8 बाय 10 आहे हे लिहिलंत, बजेट लिहिलंत, लॅमिनेटचा रंगसुद्धा लिहिलात. डिझायनर म्हणतो तिन्ही ड्रॉवर सारख्या उंचीचे ठेवा, लूक चांगला येतो, तेही लिहिलंत. आणि शेवटी एक वाक्य: "मिसेसचं मत थोडं वेगळं आहे." ते वेगळं मत काय आहे, त्याचा पत्ताच नाही. तेवढ्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसले आहे, नाहीतर माझी कणीक भिजवायची वेळ झालीय.

मी डोंबिवलीत राहते आणि घरून डबे देते. म्हणजे स्वयंपाकघरात माझा सकाळचा सगळा वेळ जातो आणि कुठलं भांडं कुठे आहे यावर माझे डबे वेळेवर निघणं-न निघणं ठरतं.

तर ड्रॉवर सारख्या उंचीचे ठेवू नका. हिशोब साधा आहे. ओटा 34 इंच उंच धरा. खाली 4 इंच स्कर्टिंग, म्हणजे जमिनीलगतची पट्टी, गेलं, वर दगड आणि त्याखालची पट्टी मिळून एक इंच. उरले 29. त्याचे तीन सारखे भाग केले की प्रत्येक दर्शनी फळी साडेनऊ इंचांच्या आसपास येते. आता हे साडेनऊ म्हणजे समोरून दिसणारं माप. आत तळाची प्लाय, चॅनेल (ज्यावर खण सरकतो ती पट्टी) आणि वरच्या खणाला घासू नये म्हणून सोडलेली फट यात दोनेक इंच जातात. हाती उरतात साडेसात. साडेसात इंचांत चमचे ठेवले तर पाच इंच हवा साठवताय, आणि कुकर ठेवायला गेलात तर तो बसत नाही. म्हणजे तीन खण करूनही कशालाच धड माप नाही. माझ्याकडे वरचा 5, मधला 9 आणि खालचा 15 इंचांचा आहे. वर चमचे, झारे, पळ्या, सांडशी. मध्ये वाट्या, लहान पातेली, बुटके डबे आणि मिसळणाचा डबा. खाली कुकर, कढया आणि उभी लावलेली ताटं. जेवायचं मोठं ताट 12 इंचांचं असतं, ते उभं राहायला खाली 13 इंच मोकळे हवेतच. तुमची मापं वेगळी येतील, पण लहान-मध्यम-मोठा हा क्रम बदलू नका.

रुंदीचंही तेच. डिझायनर 18 इंची युनिट म्हणतो तेव्हा तुम्हाला 18 इंच मिळतात असं समजू नका. दोन्ही बाजूंची 18 मिलिमीटरची प्लाय म्हणजे दीड इंच गेला. बॉल बेअरिंगच्या चॅनेलला दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच, म्हणजे आणखी एक. खणाच्या स्वतःच्या बाजू धरल्या की अजून एक. राहिले साडेचौदा. त्यात परात जाणार आहे का? माझी परात 18 इंचांची आहे. तिच्यासाठी 24 इंची युनिट लागतं, त्यात आत साधारण साडेवीस मिळतात. खणाच्या खोलीला, म्हणजे पुढून मागे, 20 इंची चॅनेल असेल तर आत 19. परात बसते, पण जेमतेम. परात कुठे ठेवणार हे ज्या घरात आधी ठरत नाही, त्या घरात ती शेवटी फ्रिजवर जाते किंवा भिंत आणि सिलिंडरच्या मध्ये उभी राहते. मी पाहिलेली निम्मी मॉड्युलर किचन्स अशीच आहेत.

आता माझं सांगते. आमचा ओटा कडप्प्याचा होता, खाली कडप्प्याचेच कप्पे आणि त्यांना सरकती दारं. मागचं पातेलं काढायचं तर पुढची चार बाहेर काढून, गुडघे टेकून, डोकं आत घालायचं. कधीतरी करायचंच होतं, ते आमचे थोरले दीर पुण्याहून आले तेव्हा जमलं. भाऊजी मशीन डिझाइनमध्ये होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचं माप त्यांना न मोजता कळतं. त्यांच्या ओळखीच्या डिझायनरकडून थ्रीडी चित्र करून आणलं होतं, रंगीत प्रिंटवर. हॉलमध्ये टीपॉयवर पसरून मला म्हणाले, "बघ, तिन्ही रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत कशा सरळ गेल्यात."

मी विचारलं, "यात कुकर कुठे?"

"कुठेही. साडेनऊचा ड्रॉवर आहे."

मी आत गेले, पाच लिटरचा कुकर आणून चित्रावर ठेवला. मग परात आणली. मग ताटं, मोठी कढई, इडलीपात्र, सगळ्यात उंच डबा. जुनी वर्तमानपत्रं अंथरून एकेक मांडत गेले. आमचे हे मापाची टेप धरून बसले होते, कुणाच्या बाजूने बोलावं हे न ठरवता. कुकर शिट्टीसकट साडेआठ भरला. भाऊजी म्हणाले, "उलट एक इंच उरतोय!" मी सांगितलं की साडेनऊ बाहेरून आहेत, आत नाहीत. ते म्हणाले, आत दोन-दोन इंच कुठे जातात, असं कुठे असतं का.

नशिबाने मिस्त्री तिथेच होता. चॅनेल लावलेला नमुन्याचा खण आणि त्याचा सांगाडा घेऊन आला होता. त्याने काही न बोलता कुकर उचलला, खणात ठेवला आणि खण आत ढकलला. शिट्टी वरच्या पट्टीवर टण्णकन आपटली आणि खण निम्मा बाहेरच अडकला. भाऊजींनी चष्मा वर केला, जवळ जाऊन पाहिलं, आणि म्हणाले, "शिट्टी काढून ठेवायची. त्यात काय एवढं."

आता सांगा. मी आयुष्यात त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "मग सकाळी सहा वाजता शिट्टी शोधायला तुम्ही पुण्याहून या." मिस्त्री मान खाली घालून हसला. मला म्हणाला, "भाभी, आप बर्तन दे दो, उसीके नाप से बना देंगे." आणि खरंच तसंच झालं. कुकर, परात आणि एक ताट तो दुकानात घेऊन गेला, फळ्या कापेपर्यंत परत दिली नाहीत. इतकी वर्षं झाली, माझा एकही खण अडकत नाही.

भाऊजींचा त्यानंतरचा मुद्दा होता की भांडीच कमी करा. सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र हे वर्षातून किती वेळा लागतं? हा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर माळा हे आहे. सणासुदीचं सगळं वर, नावाची चिठ्ठी लावलेल्या खोक्यात. पण रोजच्या भांड्यांवर कात्री लावायचा सल्ला रोज स्वयंपाक करणाऱ्याने द्यावा. ज्याला आपल्या घरात चहाची साखर कुठल्या डब्यात आहे हे माहीत नाही, त्याने देऊ नये.

मग भाऊजींचं "जर्मन लोक सारखे खण करतात, ते वेडे आहेत का?" हे झालं. तर जर्मन फिटिंगची माहितीपत्रकं उघडून बघा, त्यांच्यातही वर एक बुटका खण आणि खाली दोन खोल खण हीच रचना जागोजागी दिसते. आणि जर्मनीचंच काढायचं असेल तर फ्रँकफुर्ट किचनबद्दल वाचा. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नगरपालिकेच्या वसाहतींसाठी ते आखलं. साधारण 1.9 बाय 3.4 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या वन बीएचकेच्या स्वयंपाकघराएवढंच. कामं करताना बाईला किती पावलं टाकावी लागतात याचा विचार करून मांडणी केली होती. त्यात तांदूळ, साखर वगैरेंसाठी अॅल्युमिनियमचे छोटे खण होते, प्रत्येकाला मूठ आणि ओतायला चोच. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण ओकमुळे पिठात अळ्या होत नाहीत असा हिशोब. जिन्नस काय आहे ते आधी पाहिलं आणि मग खण केला. हे मी भाऊजींना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी आठवड्याने उलटा फोन करून सांगितलं की त्या बाईंनी तोपर्यंत स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, तसं त्यांनीच नंतर कबूल केलंय. असेल. मग ज्या करतात त्यांच्याकडे बघून केलं असेल. तेवढंच तर माझं म्हणणं होतं.

ट्रॉल्यांचं विचारलंत. स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या दुकानात 4, 6 आणि 8 इंच उंचीच्या मिळतात, रुंदी 15, 17, 19, 21. माझं मत स्पष्ट आहे: जाळी फक्त धुतलेल्या भांड्यांसाठी, सिंकच्या शेजारी. पाणी निथळतं, वारा लागतो. बाकी सगळीकडे सपाट तळ हवा. जाळीवर डाळ-तांदळाचे डबे डुगडुगतात, लहान चमचे आडवे होऊन तारांत अडकतात, आणि काही सांडलं की ते थेट खालच्या ट्रॉलीत. तयार थाळी ट्रॉली घेताना घरचं सगळ्यात मोठं ताट पिशवीत घालून दुकानात घेऊन जा. लाजू नका. 11 इंचांचं ताट आरामात जातं आणि 12 चं दगडाखाली घासतं, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

स्टील 304 ग्रेडचं घ्या, ते सहज गंजत नाही, विशेषतः आमच्यासारखी खाडीची हवा असेल तर. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटला नाही म्हणजे 304. तसं काही नसतं, 202 या स्वस्त ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या, त्याने लिहायला कुरकुर केली की समजून जा. प्लाय 710 ची, म्हणजे पाण्याला टिकणारी, निदान सिंकखाली तरी. चॅनेल पूर्ण बाहेर येणारंच घ्या. पाऊण उघडणाऱ्या चॅनेलमध्ये मागचा एक चतुर्थांश खण कायम अंधारात राहतो आणि तिथे कायम तीच भांडी सापडतात, जी हरवली म्हणून आपण नवीन आणलेली असतात. वजनाची क्षमता विचारून घ्या. खालच्या मोठ्या खणाला 45 किलोचं चॅनेल लावा, भरलेले स्टीलचे डबे गंमत नाही.

आणखी एक, हे डिझायनर आधी सांगत नाहीत. ओट्यात बसवायचा हॉब घेणार असाल तर त्याचं धूड दगडाखाली तीन-चार इंच उतरतं. तिथला वरचा खण गेला. वरची शेगडी असेल तर प्रश्न नाही. मी शेगडीच ठेवली. मोठी पातेली हॉबवर डुलतात, आणि उतू गेलेलं दूध शेगडी उचलून पुसता येतं. डिझायनरला हे पटत नाही, कारण शेगडी चित्रात चांगली दिसत नाही.

भाऊजींच्या स्वतःच्या घरी नंतर तेच केलं, तिन्ही सारखे खण, रेषा टोकापासून टोकापर्यंत. दिसतं छानच, खोटं कशाला बोलू. जाऊबाईंचा कुकर ओट्यावर असतो, कायमचा, मिक्सरच्या शेजारी. परात गॅलरीत. मी गेले की त्या मला डोळ्यांनी दाखवतात, बोलत काही नाहीत. भाऊजी आमच्याकडे आले की अजून म्हणतात, "इथे रेषा तुटली बघ." आणि मग माझ्या खालच्या खणातून स्वतःच्या हाताने ताटं काढून घेतात.

तर दादा, आज संध्याकाळी मिसेसना ते वेगळं मत नीट विचारा. मध्ये न बोलता. त्यांना सगळी भांडी जमिनीवर मांडू द्या आणि टेप तुम्ही धरा.

आता राहिलेलं. तुम्ही स्वतः स्वयंपाक करत असाल आणि मिसेस करत नसतील, तर वरचा सगळा राग मागे घेते, मग तुमचीच उंची आणि तुमचीच भांडी मोजा. रंगाबद्दल मला काही म्हणायचं नाही. बजेटचं माझ्याकडून ऐकू नका, माझे दर जुने झाले. कोपऱ्यातल्या फिरत्या ट्रॉलीवर लोक फार पैसे घालतात. मी तो कोपरा साधा ठेवलाय आणि तिथे क्वचित लागणारी मोठी पातेली आहेत, पण तुमची जागा कमी आहे, तुम्हाला कदाचित ती लागेलही. पाइपचा गॅस आला नसेल तर 14.2 किलोच्या सिलिंडरला चाकांची ट्रॉली आणि त्या दाराला तळाशी जाळी ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वर भोकं पाडून उपयोग नाही. सिंकखाली खण करू नका, पाइपचं गुडघ्यासारखं वळण तिथेच येतं.

आणि डिशवॉशर पुढेमागे घ्यायचा विचार असेल तर आत्ताच जागा सोडा. मोठा 60 सेंटिमीटर रुंद आणि साधारण 85 उंच असतो. 34 इंची ओट्याखाली दगड वजा करून 84 सेंटिमीटरच उरतात, त्यामुळे ज्याचं वरचं झाकण काढता येतं असाच घ्यावा लागेल, किंवा ओटा एखादा इंच वर घ्यावा लागेल. मिसेसची उंची किती आहे ते लिहा, मग ओट्याचं सांगते.