आधी ते दीडपट स्पीड बंद कर

नगरहून एका ताईचं पत्र आलंय. वय 41, जन्मापासून चर्चमध्ये, संडेस्कूल घेते, वर्षभरात बायबल वाचून काढायचा प्लॅन सलग चौथ्या वर्षी चालू. ती लिहिते, "मावशी, आता कशाचंच नवल वाटत नाही. ख्रिस्तजन्म, कालवरीचा क्रूस, रिकामी कबर, सगळं पाठ आहे, पण लहानपणी नाताळच्या रात्री अंगावर काटा यायचा तो येत नाही. पाळकसाहेबांचे संदेश तेच ते. पुण्यातल्या एका मोठ्या चर्चला जायला लागू का? मी माझ्याकडून कमी करत नाही हो, रोज सकाळी भाकऱ्या करताना यूट्यूबवर दोन संदेश ऐकते, दीडपट स्पीडला लावते म्हणजे डबे भरेपर्यंत दोन्ही होतात."

अगं बाई, पाळकांना कशाला मधे आणतेस? तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या दीडपट स्पीडपाशीच अडकले. तू मात्र ते सहज लिहून पुढे गेलीस.

मोशेची गोष्ट तू पोरांना कितीदा सांगितली असशील. सासऱ्याची मेंढरं, तेच रान, चाळीस वर्षं. झुडूप पेटलेलं दिसणं यात काय नवल, आपल्याकडे उन्हाळ्यात माळ पेटतातच. नवल हे की ते जळून जात नव्हतं, आणि हे कळायला तिथे उभं राहून बघत राहावं लागतं, घाईत जाणाऱ्याला नुसता जाळ दिसतो. बायबलातला निर्गमचा तिसरा अध्याय काढ. मोशे बघायला वळला हे परमेश्वराने पाहिलं आणि मग हाक मारली. आधी नाही.

ब्राह्मण घरातले कवी नारायण वामन टिळक, त्यांना आगगाडीत एका अनोळखी साहेबाने शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं, वाचीन असं कबूल केलं म्हणून ते वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तर तिथून पुढे जाववेना. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, घर, नातीगोती, सगळं पणाला लागलं, आणि सुरुवात काय तर मत्तयाच्या तीन अध्यायांत अडकून बसणं. तुझ्या प्लॅनमध्ये ते तीन अध्याय एका दिवसात उरकतात ना?

आता घरचं सांगते. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, हाताला फोड घेऊन घरी यायची आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापायला बसायची, तीही धड थापली जायची नाही, कडा फाटायच्या. रात्री आम्ही सगळे मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो. 'आमची रोजची भाकर' आलं की आई थांबायची. आम्ही पोरं पुढच्या ओळीतल्या ऋणांपर्यंत पोचलेलो असायचो आणि मागून तिचा एकटीचा आवाज यायचा, 'आज आम्हांस दे.' मला तेव्हा वाटायचं आई शब्द विसरते.

आपल्या मराठी शास्त्रात शब्दच तो आहे ग, पाव नाही, पोळी नाही, भाकर. येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा त्या मुलाकडच्या पाच भाकरी होत्या त्याही जवाच्या, गरिबाघरच्या. आणि तू रोज सकाळी तीच थापतेस, तव्यावर टाकतेस, वरून पाण्याचा हात फिरवतेस, उलटतेस, ती जाळावर टम्म फुगते, आणि तेवढ्या वेळात तुझ्या कानात कोणीतरी भरभर समजावत असतं की येशू जीवनाची भाकर आहे. तू बघत तरी असतेस का तिच्याकडे?

पुण्याला जाऊ नकोस. उद्यापासून महिनाभर भाकऱ्या करताना फोन बाहेरच्या खोलीत ठेव. संदेश नाही, गाणी नाही, प्लॅनसुद्धा बंद, मागे पडला तर पडू दे. पहिली भाकरी तव्यावर पडली की ती फुगेपर्यंत प्रार्थनेतलं ते रोजच्या भाकरीचं एकच वाक्य म्हण आणि 'भाकर' या शब्दाला थांब. काही वाटलं नाही तरी थांब. पहिले आठ दिवस जीव कासावीस होईल, कान काहीतरी मागतील, डब्याला उशीर होईल असं वाटेल. होणार नाही उशीर, भाकऱ्या तेवढ्याच वेळात होतात, स्पीड फक्त त्या संदेशांचं वाढलं होतं.

महिन्याने मला लिही. कोणाचं काय ऐकलंस ते नको, भाकरीचं लिही.