वरची रोपं वाळतात, खालची कुजतात

प्रश्न : पश्चिमेची भिंत तापू नये म्हणून कप्प्यांत रोपं लावलेली हिरवी भिंत उभारली. वरच्या ओळी वाळतात, खालच्या कुजतात. काय चुकतंय?

उत्तर : पाणी एकदम भरपूर सुटत असणार, ते ओघळून तळाशी साचतं. दर दोन-तीन ओळींना स्वतंत्र ठिबक नळी द्या, दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी ठिबकवणारी तोटी) बसवा आणि दिवसाचं पाणी चार-पाच वेळा, थोडं थोडं सोडा. खालच्या ओळींना कमीच. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला, तर क्षार साचलेत. ते गाळणीने अडत नाहीत, नळ्या सौम्य आम्लाने धुवाव्या लागतात. सांगाडा आणि भिंत यांत 5 सेंटिमीटर पोकळी आहे ना? नसेल तर ओल भिंतीत उतरेल. खरं तर नुसतं ऊनच अडवायचं, तर जमिनीत लावून तारांवर चढवलेला वेल पुरतो. पंपाची वीजही वाचते.