जीव कशात अडकलाय?

प्रश्न : बाई, मी तासगावची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग दोनदा वाचून झालेत. मैत्रिणींना हॅरी आवडतो, मी मात्र खलनायक व्होल्डेमॉर्टपाशीच घुटमळते. त्याला नेमकं हवंय तरी काय? ‘सत्ता’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. आई म्हणते, दुष्टाच्या मनात इतकं शिरू नये. खरंच शिरू नये का?

उत्तर : शीर, खुशाल शीर. फक्त तो काय बोलतो याकडे कमी आणि काय जपून ठेवतो याकडे जास्त लक्ष दे.

सहाव्या भागातली अनाथाश्रमातली खोली पुन्हा वाच. अकरा वर्षांचा टॉम, म्हणजे लहानपणीचा व्होल्डेमॉर्ट, त्याचं कपाट, कपाटात एक खोका. त्यातून निघतं काय, तर यो-यो, चांदीचं अंगुस्तान, काळपटलेला माउथ ऑर्गन. सगळं इतर पोरांचं चोरलेलं. आता त्याला काय शिवायला बसायचं होतं?

मला हे कळतं, कारण मी दहा वर्षांची असताना सुट्टीला आलेल्या मामेबहिणीच्या फाउंटन पेनचं टोपण चोरलं होतं. पेन नव्हे, नुसतं टोपण. माळ्यावरच्या हळकुंडांच्या पोत्यात खोल खुपसून ठेवलं. ती बिचारी निबाला चिंधी गुंडाळून ठेवायची. रात्री मी पोत्यात हात घालून टोपण चाचपून यायची. चौथ्या दिवशी तिने शोधणं सोडलं आणि माझी त्यातली गोडीच संपली. मला टोपण नको होतं गं, तिचं शोधणं हवं होतं.

टॉमची भूक तीच, पण ती भागत नाही. पुढे मरण टळावं म्हणून तो जीवाचे तुकडे करून वस्तूंत दडवतो, तेव्हा त्या वस्तू बघ. डायरी तेवढी स्वतःची. बाकीच्यांत जादूच्या शाळेच्या संस्थापकांच्या वस्तू: हफलपफचा पेला आणि स्लिदरिनचं लॉकेट एका म्हातारीला मारून मिळवलेलं, रॅव्हनक्लॉचा मुकुट दुसऱ्याचा, अंगठी मामाकडून हिसकावलेली. त्यातलं लॉकेट तर त्याच्या आईचं. पोटात तो असताना तिने ते अवघ्या दहा गॅलियनना, जादूगारांच्या दहा नाण्यांना, विकलं होतं. राक्षसाचा जीव पोपटात, ही गोष्ट आपण आजीच्या कुशीत ऐकली. पण त्या राक्षसाला निदान पोपट तरी होता. याला स्वतःचा जीव ठेवायलाही बहुतेक दुसऱ्याचीच वस्तू लागते.

आणि मरणाचं म्हणशील, तर त्याच खोलीत तो म्हणतो की आई जादूगार नसणारच, नाहीतर ती मेली नसती. मला हे पुस्तकातलं सगळ्यात काळं वाक्य वाटतं. पोरकं पोर आईसाठी रडत नाही, ती मेली याची त्याला लाज वाटते. हिरण्यकशिपूचा वर आठव. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. ती मागण्यांची यादी नाही, भीतीची आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं. त्या नाटकांतली राक्षसपार्टी ‘अलल डुर्र’ करत रंगभूमीवर यायची. प्रेक्षक दचकायचे, पण राक्षस कोण याबद्दल शंका नसायची. टॉम मात्र हळू बोलतो, ‘सर’ म्हणतो. त्याला ओळखायचं तर मनात शिरावंच लागतं.

आईची काळजी मात्र झटकून टाकू नकोस. समजून घेता घेता आपण कधी त्याची वकिली करू लागतो, ते कळत नाही. ‘बिचारा, अनाथ होता’ असं मनात आलं की जिन्याखालच्या कपाटात वाढलेल्या हॅरीकडे बघ. पोरका तोही होताच. म्हणून सगळा दोष मी बालपणाच्या माथी मारणार नाही.

चोरलेल्या वस्तू परत करून माफी माग, असं त्याला भेटायला आलेला जादूच्या शाळेतला शिक्षक डंबलडोर सांगतो, तेव्हा टॉमचा चेहरा नीट वाच. लाजेचा लवलेश नाही.

मी टोपण देवळीत ठेवून दिलं, तिला आपसूक सापडल्यासारखं वाटावं म्हणून. माफी मागायची हिंमत झाली नाही. तिने ते उचललं, नाकाजवळ नेलं. हळदीचा वास कसा लपणार? एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेनला टोपण बसवलं. माझे कान तापले होते.